भुयारातील काटे

(वाराणसी येथे मराठी वाचकांच्या मेळाव्यात अनुवादिकेने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अनुवादकास व्यासपीठावर बोलावले म्हणजे त्याने अनुवादाच्या महत्त्वाविषयी चार शब्द सांगावेत, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी मात्र आज माझ्या एका चुकीविषयी बोलणार आहे. ती चूक या नगरीतच पकडली गेली, म्हणून तिचा जबाबही येथेच देणे योग्य होय.

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या खेळांच्या इतिहासावरील एका इंग्रजी पुस्तकाचा मी मराठीत अनुवाद केला. साहसाच्या खेळांविषयीच्या प्रकरणांत 'डंजन' हा शब्द पानोपानी येई. मी कोश उघडला. तेथे 'अंधारकोठडी' हा प्रतिशब्द होता, आणि तो मी निःशंकपणे सर्वत्र वापरला. या डंजनमधील फरशीतून एकाएकी वर येणारी, खेळणाऱ्याच्या पात्रास भोसकणारी जी टोकदार शस्त्रे असतात, त्यांना इंग्रजीत 'स्पाइक ट्रॅप' म्हणतात. त्यांचे मी 'सुळांचा सापळा' असे नामकरण केले. पुस्तक छापून झाले. पहिली प्रत मी दुर्गाघाटावर राहणाऱ्या माझ्या मामांना पाठवली. मामांनी ऐंशी ओलांडली असली तरी त्यांचे वाचन सुटलेले नाही. आठ दिवसांनी त्यांचा दूरध्वनी आला.

"पुस्तक वाचलं. भाषा चांगली आहे," ते म्हणाले. "पण अगं, अंधारकोठडीत माणसाला कोणीतरी टाकतं. तुझे हे सगळे वीर तर आपल्या पायांनी आत जातात, नकाशा घेऊन जातात. त्याला कोठडी कसं म्हणतेस? आणि सूळ असतो गुन्हेगारासाठी. या पोरांनी गुन्हा काय केला?"

मी म्हणाले, "मामा, कोशात तसंच आहे."

"कोश पुण्यात छापलाय," मामा म्हणाले. "हा शब्द काशीत मिळेल."

मामांच्या या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लगेच कळला नाही. तो कळण्यासाठी मला तीस वर्षे मागे जावे लागले.

१९९३-९४ च्या सुमारास मे महिन्याच्या सुटीत आम्ही भावंडे काशीला आलो होतो. मामेभावाच्या खोलीत एक जुना संगणक होता आणि त्यावर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ होता. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो रचला आणि १९८९ साली तो प्रथम ॲपल-२ या संगणकासाठी प्रसिद्ध झाला. एका दुष्ट वजिराने राजकन्येला तासाभराची मुदत दिलेली आहे : विवाह, नाही तर मृत्यू. तिचा प्रियकर तळघरात कैद आहे. त्याने साठ मिनिटांत तेथून निसटून वर राजवाड्यात पोहोचायचे. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला धावताना, उड्या मारताना चित्रित केले आणि एकेक चौकट गिरवून राजपुत्राची हालचाल तयार केली होती. त्यामुळे तो राजपुत्र खऱ्या माणसासारखा धापा टाकत थांबे, घसरे, कड्याला लोंबकळे. त्याचे मरणही तितकेच खरे वाटे.

आम्ही सतत मरत असू. वाटेतल्या फरशीच्या काही तुकड्यांवर बारीक टोके दिसत. राजपुत्र जवळ आला की तेथून लांब काटे सळकन वर येत. मामेभाऊ प्रत्येक वेळी धावत त्यांवर जाई आणि राजपुत्र तेथेच लटके. मग पुन्हा आरंभ. मध्येच वीज जाई, तेव्हा तर सर्वच पहिल्यापासून. आणि काशीत मे महिन्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नव्हता.

एके दुपारी मामा दाराशी उभे राहून हे पाहत होते. त्यांना संगणकाची फारशी माहिती नव्हती. त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, "तिलिस्मात धावून कसं चालेल? चालत जा."

मामेभाऊ वैतागला. पण त्या खेळात एक कळ दाबून धरली म्हणजे राजपुत्र धावण्याऐवजी एकेक पाऊल जपून टाकी. ती कळ दाबून त्याने राजपुत्रास काट्यांच्या मधून नेले. काटे वरच होते. राजपुत्र त्यांच्यामधून, एखाद्याने ज्वारीच्या ताटांतून वाट काढावी तसा, सुखरूप पलीकडे गेला. नियम एवढाच होता : धावणाऱ्याला, उडी मारणाऱ्याला आणि वरून पडणाऱ्याला काटा मारतो, चालणाऱ्याला मारीत नाही. पुढे १९९६ साली इंग्लंडात तयार झालेल्या 'टूम रेडर' या खेळातही हाच नियम ठेवलेला दिसतो. तेथील नायिका काट्यांमधून चालत गेली तर तिला इजा होत नाही, धावली तर होते.

मामांना हे कसे कळले? त्यांनी 'चंद्रकांता' वाचली होती. तिच्याकडे येण्यापूर्वी मला जरा खऱ्या काट्यांकडे जाऊ द्या, कारण त्यांच्याशी तुलना केल्यावाचून मामांचे म्हणणे स्पष्ट होणार नाही.

शत्रूच्या वाटेत टोकदार वस्तू पेरून ठेवण्याची कल्पना फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणातील दुर्गरचनेच्या प्रकरणात, किल्ल्याबाहेरील झाकलेल्या वाटेवर कोणकोणते अपाय मांडावेत याची यादीच आहे. तीत गुडघे मोडणारी 'जानुभंजनी' आहे, शूळांचा समूह म्हणजे 'शूलप्रकर' आहे, फसवे खड्डे आहेत, 'शृंगाटक' आहे आणि 'श्वदंष्ट्रा', म्हणजे कुत्र्याची दाढ, हीही आहे. या शेवटच्या शब्दापाशी मी अनुवादक म्हणून बराच वेळ रेंगाळले. श्वदंष्ट्रा हे एका वनस्पतीचेही नाव आहे : गोक्षुर, आपला सराटा. माळरानावर अनवाणी चाललेल्या माणसाला सराटा काय असतो हे सांगावे लागत नाही. तो कसाही पडला तरी त्याचा एक काटा वरच राहतो. लोखंडाचा सराटा करून घोड्यांच्या वाटेत टाकायचा, ही युक्ती पाश्चात्त्यांनाही ठाऊक होती. त्यांच्या भाषेतही त्या शस्त्राचे आणि या वनस्पतीचे नाव एकच आहे. दोन दूरच्या समाजांतील माणसांनी एकाच काट्याकडून एकच धडा घेतला, असे म्हणावे लागेल.

कौटिल्य एवढ्यावर थांबत नाही. राजाच्या निवासाविषयी लिहिताना तो यंत्राने बांधलेली, प्रसंगी खाली कोसळू शकेल अशी जमीन करावी असे सांगतो. मेकनरच्या खेळातही पाय पडताच निखळून खाली जाणाऱ्या फरश्या आहेत. अर्थशास्त्राच्या पाठाची चिकित्सा करून र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात मुंबई विद्यापीठातर्फे जे तीन खंड सिद्ध केले, ते चाळताना मला वारंवार त्या जुन्या संगणकाची आठवण झाली, हे येथे कबूल केले पाहिजे.

महाराष्ट्रात हा विषय डोळ्यांनी पाहायचा असेल तर देवगिरीला जावे. कड्याची नैसर्गिक उतरण तासून काढून खडक भिंतीसारखा उभा केलेला, भोवती खंदक, आणि वर जाण्याची वाट खडकाच्या पोटातून, काळोखातून. तिला 'अंधारी' म्हणतात. आत पायऱ्या सारख्या नाहीत, वळणे अकल्पित आहेत आणि वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण घालून विस्तव पेटवण्याची व्यवस्था होती, म्हणजे आत शिरलेला शत्रू धुराने गुदमरावा. किल्ल्याच्या दरवाजांवर हत्तींच्या धडका थोपवण्यासाठी लोखंडी अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. पुण्यातील १७३२ मध्ये पूर्ण झालेल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरही हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर तसेच खिळे आपण पाहतो. लहानपणी मला ते शोभेचे वाटत.

देवगिरीची गोष्ट सांगताना एक गंमत राहून जाऊ नये. १२९६ मध्ये अल्लाउद्दीनाने वेढा घातला तेव्हा रामदेवरायाला शरण जावे लागले, ते कोणी सापळे ओलांडून आल्यामुळे नव्हे. धान्याची म्हणून घाईघाईने वर नेलेली पोती मिठाची निघाली, अशी कथा सांगतात. किल्ल्याची जी बांधणी आज आपण पाहतो ती पुढच्या अनेक शतकांत घडत गेली. पण उपासमारीविरुद्ध कोणताही खिळा उपयोगी पडत नाही, हे तेव्हाही खरे होते आणि नंतरही.

या सर्व खऱ्या काट्यांचा हेतू एकच : कोणीही येऊ नये. त्यांत अपवाद नाही, इशारा नाही. कौटिल्याची वाट मुद्दाम झाकलेली आहे. दिसणारा सराटा हा सापळाच नव्हे. काटे पेरणाऱ्याला पलीकडून येणारा माणूस मेलेला हवा असतो. तो शहाणा होऊन परत यावा अशी त्याची मुळीच इच्छा नसते.

आता 'चंद्रकांता'. देवकीनंदन खत्री (१८६१-१९१३) हे नाव काशीत सांगावे लागू नये, पण आमच्या मराठी वाचकांपैकी अनेकांना ते केवळ दूरदर्शनवरील मालिकेमुळे ठाऊक आहे. खत्रींनी काशिनरेशांकडून चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. त्या निमित्ताने ते डोंगर, दऱ्या, धबधबे आणि पडके किल्ले यांतून हिंडले. त्या हिंडण्यातून १८८८ साली 'चंद्रकांता' आली, मग 'चंद्रकांता संतति' चोवीस भागांत आली, आणि 'भूतनाथ' अपुरी राहिली ती त्यांच्या मुलाने पूर्ण केली. १८९८ मध्ये त्यांनी याच नगरीत स्वतःचा लहरी प्रेस काढला. या कादंबऱ्या वाचता याव्यात म्हणून लोक हिंदी शिकले, असे म्हणतात. आचार्य रामचंद्र शुक्लांनी हिंदी साहित्याच्या इतिहासात खत्रींनी निर्माण केलेल्या या वाचकवर्गाचे ऋण मान्य केले, पण कादंबऱ्यांना मात्र शुद्ध साहित्याच्या पंक्तीला बसवले नाही. आचार्यांविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला वाटते की, त्यांनी पंगत जरा लहान मांडली.

मराठीतही त्यापूर्वी अद्भुत कादंबरीचे दिवस येऊन गेले होते. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. पण आमच्याकडे तिलिस्म बांधला गेला नाही. आमच्या लेखकांना भुयारे ठाऊक होती, चोरवाटा ठाऊक होत्या. भुयार स्वतःच एक कोडे असावे आणि ते कोणासाठी तरी रचलेले असावे, ही कल्पना मात्र खत्रींची.

खत्रींच्या पूर्वी तिलिस्म उर्दू दास्तानांत होता. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून निघालेले 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे अवाढव्य खंड प्रसिद्धच आहेत. पण तेथील तिलिस्म जादूगारांचा आहे. मंत्राने उभा राहतो, मंत्राने मोडतो. खत्रींनी जादू काढून टाकली आणि तिच्या जागी यंत्र बसवले. त्यांच्या तिलिस्मात कळा आहेत, किल्ल्या आहेत, बेशुद्ध करणारे धूर आहेत. एका पडक्या वास्तूत दगडाचा बगळा आहे. माणूस जवळ गेला की तो चोच उघडतो, दूर झाला की मिटतो. चंद्रकांतेला तो गिळतो आणि तिची मैत्रीण चपला तिच्यापाठोपाठ जाते. पण या गिळण्यात मरण नाही, तो आत जाण्याचा दरवाजा आहे. पुढे 'संतति'मध्ये तिलिस्मी खंजीर येतो. स्पर्श होताच माणूस बेशुद्ध पडतो आणि पाते विजेसारखे चमकते. ज्याच्या बोटात जोडीची अंगठी असेल त्यालाच तो बाळगता येतो.

खत्रींचा खरा शोध मात्र यांहून वेगळा आहे. त्यांचा प्रत्येक तिलिस्म तुटण्यासाठी बांधलेला असतो. पूर्वजांनी संपत्ती ठेवली, भोवती धोके मांडले आणि त्याच वेळी ते धोके ओलांडण्याची रीत पोथीत लिहून ठेवली. वीरेंद्रसिंहाला अशी पोथी मिळते; त्याच्या मुलांच्या, इंद्रजीतसिंह आणि आनंदसिंह यांच्या, वाट्याला रक्ताने लिहिलेली पोथी येते. पोथी असली तरी ती नीट वाचावी लागते, घाई करून चालत नाही. हिंदीत 'तिलिस्म तोडना' असा प्रयोगच रूढ आहे, आणि तो जिंकण्यापेक्षा कोडे सोडवण्याच्या अधिक जवळचा आहे. बांधणारा आणि तोडणारा यांची कधी भेट होत नाही, कदाचित त्यांच्यात शतकांचे अंतर असते, तरी बांधणाऱ्याने तोडणाऱ्यावर विश्वास टाकलेला असतो. देवगिरीचा खिळा कोणावरही विश्वास टाकीत नाही.

मामा म्हणाले ते हेच होते. तिलिस्मातला काटा तुम्हांला मारण्यासाठी नसतो, तुम्ही नीट पाहता की नाही हे तपासण्यासाठी असतो, असे त्यांनी चौदाव्या वर्षी चुनारच्या गोष्टी वाचून ओळखले होते. म्हणून साठीकडे झुकताना एका परक्या देशातला खेळ पाहून ते म्हणू शकले, धावू नका.

आता इंग्रजी शब्दाकडे परत येऊ. 'डंजन' या शब्दाचे मूळ फ्रेंच 'दोंजों'मध्ये आहे, आणि त्याचा अर्थ तळघर नव्हे! दोंजों म्हणजे किल्ल्याच्या मध्यभागी असलेला सर्वांत भक्कम बुरूज, राजाचे शेवटचे आश्रयस्थान. मराठीत सांगायचे तर बालेकिल्ला. त्या बुरुजाच्या पोटात कैदी ठेवीत. हळूहळू शब्द बुरुजावरून घसरत तळघरात गेला आणि 'कोठडी' झाला. मग १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळण्याचा खेळ काढला. त्यात एक खेळाडू भुयार रचतो, खोल्या, सापळे, राक्षस आणि खजिना मांडतो, आणि इतर खेळाडू आपण होऊन त्यात उतरतात. येथे शब्दाने तिसरा जन्म घेतला. कोश दुसऱ्या जन्मापाशीच थांबला होता, आणि मी त्याच्यामागे थांबले.

१९८६ मध्ये जपानच्या निन्तेंदो कंपनीने 'द लेजेंड ऑफ झेल्डा' प्रसिद्ध केला. या मालिकेचे जनक शिगेरू मियामोटो लहानपणी क्योतोजवळच्या सोनोबे गावाच्या परिसरात हिंडत, कंदील घेऊन गुहेत शिरत. ती आठवण या खेळात उतरली असे त्यांनी सांगितले आहे. पहिल्या 'झेल्डा'त नऊ भुयारे आहेत. त्यांतील काही खोल्यांच्या कोपऱ्यांत टोकदार पात्यांचे ठोकळे बसलेले असतात. नायक त्यांच्या रेषेत आला की ते सरकन धावून येतात आणि मग संथपणे आपल्या जागी परत जातात. ते परत जाणे मोठे अर्थपूर्ण आहे. त्या संथ क्षणात खेळणाऱ्याने निसटायचे असते. शिवाय भुयारातच कोठेतरी त्या भुयाराचा नकाशा आणि होकायंत्र ठेवलेले असते. शत्रूला अडवू पाहणारा कोणता किल्लेदार आपल्या भुयारात भुयाराचाच नकाशा ठेवील? तो नकाशा म्हणजे खत्रींची पोथी.

मियामोटोंनी किंवा मेकनरने खत्री वाचले होते, असे मला सुचवायचे नाही. मेकनरची प्रेरणास्थाने त्याने स्वतःच सांगितली आहेत. बगदादच्या चोराचा जुना चित्रपट हे एक, आणि १९८१ च्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'ची पहिली काही मिनिटे हे दुसरे. त्या मिनिटांत नायक जंगलातल्या देवळात शिरतो आणि प्रकाशाच्या झोतात हात घालतो, तोच भिंतीतून काटे बाहेर येतात. त्यांना पूर्वी आलेल्या एकाचा सांगाडा लटकलेला असतो. त्या सांगाड्याचे काम इशारा देण्याचे आहे. युद्धातला काटा आपला बळी लपवतो, गोष्टीतला काटा तो दाखवतो.

आणि मेकनरचा हा वारसा भारताला वळसा घालून गेला आहे. २००३ च्या 'सँड्स ऑफ टाइम' या भागात पर्शियाचा राजपुत्र एका हिंदुस्थानी महाराजाच्या राजवाड्यावर चाल करून जातो आणि तेथून एक खंजीर मिळवतो. या खंजिराने काळ मागे नेता येतो. काट्यांवर पडलेला राजपुत्र पडण्यापूर्वीच्या क्षणी परत उभा राहतो. तिलिस्मी खंजीर असा परदेश फिरून आलेला पाहून मामा खूश झाले. २०२० साली पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने 'राजी' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात एक डोंबारीण मुलगी आपल्या धाकट्या भावाला शोधत प्राचीन वास्तूंमधून जाते. आपल्या वास्तूंचे भुयार आपल्याच माणसांनी रचण्यास येथून आरंभ झाला आहे.

आता एका अवघड गोष्टीकडे येते. काशीत बसून काट्यांविषयी बोलायचे आणि काशीकरवतीचे नाव घ्यायचे नाही, हे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

विश्वनाथाच्या जवळच्या गल्ल्यांत ते स्थान आहे. शिवलिंग जमिनीच्या पोटात, खोल. वरून डोकावून दर्शन घ्यावे लागते. मोक्षाच्या इच्छेने येथे माणसे करवतीवर देह टाकीत, असे परंपरा सांगते. मणिकर्णिकेजवळचे रत्नेश्वराचे कललेले देऊळही काही लोक 'काशी करवट' म्हणून दाखवतात. हिंदीत 'करवट' म्हणजे कूस, 'करवत' म्हणजे करवत. एका अक्षराच्या फरकाने देऊळ कुशीवर वळते आणि माणूस चिरला जातो. याच नगरीच्या कबीरांनी एका पदात या दोन शब्दांवर खेळ केला आहे, आणि तो ऐकून हसू येत नाही.

मामांबरोबर मी त्या स्थानी गेले तेव्हा अठरा वर्षांची होते. मी विचारले, "मामा, इथे येणारा माणूस चालत येत असेल की धावत?" मामा म्हणाले, "चालत. घरून निरोप घेऊन, महिनोन् महिने चालत." खेळातला काटा चालणाऱ्याला सोडून देतो. येथे मात्र चालत आलेल्यालाच पात्याने घेतले. त्या माणसाला पलीकडे जायचे नव्हते असे म्हणता येत नाही, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे तो पलीकडेच जात होता, आणि परत येणार नव्हता. पुन्हा जन्म नको म्हणून त्याने ते केले. इकडे आमची मुले पडद्यावर एका दुपारी शंभरदा मरतात आणि शंभरदा जन्म घेतात. मेकनरच्या खेळात तर मरणांची मोजदादही नाही. मेलात तर मजल्याच्या आरंभी परत या. फक्त घड्याळ थांबत नाही. तेथे मरणाने जातो तो जीव नव्हे, वेळ.

ती प्रथा केव्हाच बंद झाली आणि ती बंद झाली हे उत्तम झाले. त्या माणसांच्या श्रद्धेची चेष्टा मी करणार नाही. पण एखाद्या अगतिक माणसाला त्या विहिरीच्या काठावर कोणी 'थांब, चालत मागे फीर' असे म्हटले असेल का, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्याबरोबर आहे. 'सुळांचा सापळा' हे शब्द मी छापले, तेव्हा सुळावर चढलेल्या आणि करवतीखाली गेलेल्या खऱ्या माणसांची सावली मी मुलांच्या एका खेळावर विनाकारण पाडली. मामांच्या हरकतीचा मला लागलेला अर्थ हा आहे.

दुसऱ्या आवृत्तीसाठी दुरुस्त्या करायला बसले तेव्हा 'स्पाइक'साठी शब्द शोधण्यात चार दिवस गेले. 'सूळ' बाद. 'खिळा' म्हटले की मराठी माणसाला भिंतीवरची दिनदर्शिका आठवते. 'भाला' हातात धरायचा असतो. 'सुळा' जवळचा, पण तो हत्तीच्या तोंडातला. शेवटी शेजारच्या मुलांना खेळताना ऐकले. ती सरळ म्हणत होती, "काट्यावर पडला!" काटा हाच शब्द घेतला. मराठीत घड्याळाचाही काटाच असतो, ही गोष्ट त्या साठ मिनिटांच्या खेळाच्या वर्णनात आपोआप उपयोगी पडली. सापळ्याच्या जागी 'उसळते काटे' आणि 'धावती पाती' असे वर्णनच ठेवले.

'डंजन'च्या जागी सर्वत्र 'तिलिस्म' घातला. परीक्षकांनी शेरा लिहिला की, हा शब्द मराठी वाचकाला परका वाटेल. मी उत्तर दिले की, 'डंजन' त्याहून परका आहे, आणि तिलिस्म निदान चुनारपर्यंत तरी आलेला आहे. तो शेरा त्यांनी मागे घेतला. 'अंधारकोठडी' पुस्तकात एकाच ठिकाणी राहिली आहे, मेकनरच्या खेळातील पहिल्या मजल्यासाठी, कारण त्या राजपुत्रास वजिराने तेथे खरोखरच टाकले होते. मामांना हे वाचून दाखवले. ते म्हणाले, "तिथे कोठडीच बरोबर."

एक शब्द मात्र अडला आहे. कित्येक खेळांत खेळणाऱ्याला तीन वेळा मरण्याची मुभा असते, आणि त्या प्रत्येक संधीला इंग्रजीत 'लाइफ' म्हणतात. 'जीव' लिहिले तर "तीन जीव उरले" हे वाक्य वेगळेच काही सांगते. 'आयुष्य' लांब होते. 'जन्म' लिहून मी मामांना दाखवला, तर त्यांनी त्यावर काट मारली आणि समासात लिहिले, "काशीत नको." सध्या तेथे 'लाइफ' हाच शब्द देवनागरीत ठेवला आहे. आपणांपैकी कोणास दुसरा सुचला, तर सभेनंतर मला अवश्य सांगावा. छपाईला अजून तीन आठवडे आहेत.